पंचवीस तारखेच्या आधी

पंचवीस डिसेंबरला दुपारी आमच्याकडे कुणी आलं तर दार उघडायला जरा वेळ लागतो. सकाळची उपासना आटोपलेली असते, मटण-भाताचं जेवण झालेलं असतं आणि घरातलं झाडून सगळं माणूस आडवं झालेलं असतं. शेजारच्या वहिनी दरवर्षी शुभेच्छा द्यायला येतात आणि दरवर्षी म्हणतात, “अहो, सणाच्या दिवशी झोपता काय?” त्यांना काय सांगणार! आमचा सण चार आठवडे आधी सुरू झालेला असतो. पंचवीस तारीख म्हणजे त्याचं उद्यापन. नाताळ म्हटलं की केक, झाड आणि लाल टोपीतला म्हातारा एवढंच ज्यांच्या डोळ्यांसमोर येतं, त्यांनी नोव्हेंबरच्या अखेरीला एखाद्या मराठी चर्चच्या आवारात संध्याकाळी डोकावून पाहावं. मी पुण्यातल्या अशाच एका मंडळीची सभासद. गायनमंडळात अल्टो गाते, स्त्री मंडळात फराळाला बसते आणि शब्बाथ शाळेच्या, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेच्या, मुलांचं नाटक बसवते. तेव्हा सांगेन ते आतून पाहिलेलं सांगेन.

चर्चच्या पंचांगात नवं वर्ष जानेवारीत लागत नाही. ते लागतं आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, म्हणजे ३० नोव्हेंबरला सर्वांत जवळच्या रविवारी. हा रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कधीही येतो. रविवार चारच, पण दिवस मात्र कधी बावीस, कधी अठ्ठावीस. नाताळ सोमवारी आला की चौथा रविवार नेमका २४ तारखेला पडतो. २०२३ साली असंच झालं होतं. सकाळी आगमनकाळाची शेवटची उपासना, मग जांभळी वस्त्रं काढून रात्री पांढरी चढवायची, फुलं बदलायची, आणि मधल्या वेळात घरी जाऊन करंज्या तळायच्या. त्या दिवशी सगळ्यांची जी तारांबळ उडाली ती विचारू नका.

जांभळा हा वाट पाहण्याचा आणि आत्मपरीक्षणाचा रंग. वेदीजवळ हिरव्या पानांचं कडं असतं, त्यात चार मेणबत्त्या. दर रविवारी एक वाढत जाते. तिसऱ्या रविवारची मेणबत्ती गुलाबी असते, कारण त्या दिवशी गांभीर्याला थोडी ढील द्यायची, आनंद करायचा. कॅम्पातल्या दुकानात जांभळ्या मेणबत्त्या ढिगाने मिळतात, गुलाबी नेमकी मिळत नाही. मग कुणाच्या तरी वाढदिवसातली उरलेली शोधावी लागते.

हे कडं फार जुनं असेल असं वाटतं, पण ते अवघं १८३९ सालचं. हँबुर्गमध्ये योहान हिन्रिख विकर्न नावाचे एक पाद्री गरीब आणि निराधार मुलांसाठी आश्रम चालवत. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी, अजून किती दिवस? पाद्रीबुवांनी एक जुनं गाडीचं चाक घेतलं, त्यावर वारांच्या वीस लहान लाल मेणबत्त्या आणि रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या बसवल्या. रोज एक पेटवायची. मुलांना मोजता येऊ लागलं आणि पाद्रीबुवांच्या मागचा ससेमिरा सुटला. मोठ्या माणसांच्या गहन धर्मविचारातून नव्हे, तर मुलांच्या भुणभुणीतून आलेली ही चाल आहे, म्हणून मला ती आवडते.

माझ्या माहेरी हे कडं-बिडं काही नव्हतं. माझं माहेर नेवासे तालुक्यातलं. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच तालुक्यात. नगर जिल्ह्यातली आमची चर्चेस अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतली. या मिशनचे पहिले लोक १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ साली मिशन नगरला येऊन बसलं. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक त्यांनी १८४२ मध्ये नगरहूनच काढलं. साधी भिंत, साधी खिडकी, साधं टेबल असा त्यांचा बाणा. पाद्रीसाहेबांना रंगीत वस्त्रं नाहीत, वेदीवर मेणबत्त्या नाहीत. तिथे नाताळाची वर्दी यायची ती चुन्याच्या वासाने. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात चर्चच्या भिंतींना चुना लागायचा. बाप्ये शिडीवर, आम्ही मुली बाक घासायला. उसाचा हंगाम चालू असायचा, निम्मं गाव फडात, त्यामुळे ही कामं अंधार पडल्यावर कंदिलाच्या उजेडात चालत. मुंबई-पुण्याला पोटापाण्याला गेलेले लोक विसाव्या-बाविसाव्या तारखेपासून एसटीने उतरू लागायचे. स्टँडवर उतरलेला प्रत्येक जण आधी चर्चकडे बघायचा, चुना झाला का म्हणून.

आणि रात्री भजन. टाळ, मृदंग, पेटी. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं आमच्या आजीला तोंडपाठ होती, आणि आजीला अक्षरओळख नव्हती. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि १९१९ मध्ये ते गेले. मधल्या चोवीस वर्षांत त्यांनी मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी त्याची स्वतःची गाणी दिली. त्यांच्याआधी बहुतेक भाषांतरित गीतं होती, विलायती चालींवर ओढूनताणून बसवलेली. टिळकांनी अभंग आणला, आर्या आणली, खेड्यातल्या माणसाला पेटीवर सहज लागेल अशी चाल आणली. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ सगळ्या महाराष्ट्राने वाचलं, पण टिळकांना आम्ही रविवारी गातो, हे फार जणांना ठाऊक नसतं. त्याही मागे जायचं तर फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं. इंग्लंडात जन्मलेल्या त्या जेझुइटाने ख्रिस्तजन्माची कथा मराठी ओवीत सांगितली. म्हणजे नाताळ मराठी बोलू लागला त्याला चारशेहून अधिक वर्षं झाली. तरी अजून “तुम्ही घरी कोणती भाषा बोलता?” असं मला विचारणारे भेटतात. असो.

पुण्यात लग्न होऊन आले तेव्हा पहिला धक्का बसला तो गायनमंडळात. गावाकडे सगळे एकाच सुरात गायचे, ज्याला जेवढा आवाज तेवढा. इथे चार सूर वेगवेगळे: सोप्रानो, अल्टो, टेनर, बास. आमची ज्येष्ठ मंडळी सोल्फा वाचतात. म्हणजे डो-रे-मीची अक्षरं कागदावर मांडून गाण्याची पद्धत, जी मिशनच्या शाळांनी शिकवली. त्यांच्या वह्या पाहण्यासारख्या असतात. इंग्रजी गाण्याचे शब्द देवनागरीत, वर सोल्फाची अक्षरं, आणि कडेला पेन्सिलीने बारीक अक्षरात ‘इथे श्वास घेऊ नये’.

प्रॅक्टिस शनिवारी संध्याकाळी साडेपाचला. सहा वाजेपर्यंत बायका आलेल्या असतात, सव्वासहाला टेनर येतात, बास सर्वांत शेवटी. मग पट्टीवरून वाद. पेटीवाले म्हणतात काळी दोन, सोप्रानोच्या पोरी म्हणतात चढी लावा, पुरुष म्हणतात आम्हाला खाली उतरवा. शेवटी पांढरी चारवर तह होतो, आणि पुढच्या शनिवारी तो मोडतो. अल्टोला कुणी काही विचारत नाही. अल्टोचं काम म्हणजे गाण्याच्या मधोमध एका सुरावर खिळा ठोकल्यासारखं उभं राहणं. ऐकणाऱ्याला आम्ही ऐकू येत नाही, पण नसलो तर गाणं पोकळ वाटतं, असं आमच्या बाई आम्हाला समजावतात. त्या सोप्रानो आहेत.

चौथ्या आठवड्यापर्यंत गाणी बसतात. त्यांत ‘सायलेंट नाइट’चं मराठी रूप असतंच. ऑस्ट्रियातल्या योझेफ मोर या तरुण धर्मगुरूने १८१६ साली ही कविता लिहिली. दोन वर्षांनी, २४ डिसेंबर १८१८ रोजी, फ्रान्झ ग्रुबर या शाळामास्तराने तिला चाल लावली आणि त्याच रात्री ओबर्नडॉर्फ गावी दोघांनी ती गिटारवर गायली. एका खेड्यातल्या चर्चमधलं, ऐन वेळी तयार केलेलं गाणं ते! आमच्या पेटीवर ते फार छान वाजतं. ‘हाललूया कोरस’ही आम्ही दरवर्षी उचलतो. हँडेलचा ‘मसाया’ पहिल्यांदा डब्लिनमध्ये झाला तो १७४२ सालच्या एप्रिलमध्ये, आणि त्यातला हा कोरस पुनरुत्थानाच्या भागाशी जोडलेला आहे, जन्माच्या नव्हे. पण नाताळात तो गायला नाही तर आमचे बास रुसतात.

आता नाटक. देवदूत, मरिया, योसेफ, मेंढपाळ, पूर्वेकडचे ज्ञानी लोक, हेरोद राजा. सर्वांत जास्त भांडण हेरोदासाठी होतं. त्याला तलवार मिळते आणि ओरडायला मिळतं. मरियेला बोलायला फारसं नसतं, म्हणून मुली ती भूमिका आईच्या आग्रहाखातर घेतात. मी नगर जिल्ह्यातली, त्यामुळे मेंढपाळ कसे असतात हे मला कुणी सांगायला नको. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडणारे धनगर मी लहानपणी आमच्याच शेतात बसलेले पाहिलेत. पूर्वी आमच्या नाटकात मेंढपाळ डोक्याला टॉवेल बांधून यायचे, परदेशी चित्रातल्यासारखे. मी ते बंद केलं. आता खांद्यावर खरी घोंगडी, हातात खरी काठी. पहिल्या तालमीला मेंढपाळ स्टेजवर नुसते वळवळत होते, म्हणून त्यांना खरी भाकरी आणि चटणी बांधून दिली आणि सांगितलं, तुम्ही रात्रीचे जेवताय आणि तेवढ्यात आकाशात उजेड होतो. झालं, देवदूत येऊन सुवार्ता सांगू लागला तरी पोरं जेवतच राहिली. एक जण घास खाली न ठेवता म्हणाला, “थांब रं, ऐकतोय.” हे वाक्य संहितेत नव्हतं. आता आहे.

लूकच्या शुभवर्तमानात ही बातमी आधी मेंढपाळांना कळते, राजाला नाही, पुरोहितांना नाही. आमच्यासारख्या, ज्यांच्या पणज्यांना गावाच्या पाणवठ्यावर जागा नव्हती अशा लोकांनी ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या का जपली, हे त्या घोंगडीकडे पाहिलं की समजतं. मुलांना मी हे सांगत बसत नाही. त्यांना भाकरी पुरते.

फराळाबद्दल लोकांना नवल वाटतं. करंज्या, शंकरपाळे, चकली, चिवडा, अनारसे. “अय्या, हे तर दिवाळीचं!” हो, दिवाळीचंच. आपल्या मातीत सण आला की जे तळलं जातं तेच आम्ही तळतो. शेजारच्या वहिनींचा सोऱ्या दिवाळी झाली की आमच्याकडे येतो तो जानेवारीतच परत जातो. मुंबई-गोव्याकडची कुटुंबं आमच्या मंडळीत आली त्यांच्याबरोबर कलकल आले: काट्याच्या किंवा नव्या कंगव्याच्या दातांवर कणकेची गोळी दाबून, गुंडाळून तळलेले गोड शिंपले. केकची फळं कोकणी-गोवेकर घरांत रममध्ये भिजतात. आमच्या अमेरिकन मिशनच्या घरांत दारूला उंबरठ्याच्या आत जागा नाही, म्हणून आमचे मनुके संत्र्याच्या रसात भिजतात. चवीत फरक पडतो हे मी मान्य करते, पण माझ्या सासूबाईंपुढे नाही.

यातलं मला सर्वांत प्रिय काम म्हणजे नानकटाई भाजायला भट्टीवर नेणं. घरी तूप आणि पिठीसाखर हाताने फेसून फेसून पांढरीशुभ्र करायची, मैदा, थोडा रवा, वेलची घालून मळायचं, आणि डबा घेऊन पेठेतल्या जुन्या बेकरीच्या मागच्या दाराने आत शिरायचं. वेळ ठरलेली असते: दुपारी, पाव निघाल्यानंतर. पावाला भट्टी कडक तापलेली लागते, नानकटाईला तेवढी आच सोसत नाही, करपते. पाव काढल्यावर लाकडाची भट्टी हळूहळू उतरत जाते, त्या उतरत्या आचेवर ती नीट फुलते आणि वर बारीक तडा जातो. भट्टीवाले चाचा तळहात तोंडाशी नेऊन अंदाज घेतात आणि म्हणतात, “अजून दहा मिनिटं.” तेवढ्यात आम्ही बायका पत्र्यांवर गोळे मांडतो. प्रत्येकीच्या पत्र्यावर नावाची चिठ्ठी. चिठ्ठ्या भट्टीत जळतात हे दरवर्षी सगळ्यांना माहीत असतं, तरी दरवर्षी चिठ्ठ्या लावल्या जातात. मग बाहेर आल्यावर “ही माझी, हिला पिस्ता आहे”, “नाही हो, पिस्ता मीपण लावलाय.” शेवटी कुणाची कुणाच्या डब्यात जाते आणि घरी गेल्यावर सगळ्या जणी आपलीच चांगली झाली असं सांगतात.

यातला निम्मा फराळ घरासाठी नसतोच. स्त्री मंडळ पुड्या बांधतं. काही रुग्णालयात जातात, काही वृद्धाश्रमात, आणि काही मंडळीतल्याच अशा घरांत, जिथे यंदा तळण करायचं नाही. मयत झालेल्या घरी पहिल्या नाताळाला कढई चढत नाही. अशा घरी पुडी द्यायला दोघी जातात, एक बोलणारी आणि एक गप्प बसू शकणारी. मला दुसऱ्या कामासाठी पाठवतात.

आणि मग कॅरल फेरी. नाताळच्या आधीचे आठ-दहा दिवस, रात्री सात ते अकरा. चर्चच्या फळ्यावर तक्ता लागतो: आज खडकी, उद्या येरवडा, परवा वानवडी, शनिवारी पिंपरी-चिंचवड. तरुण संघाची मुलं, पेटी, ढोलकी, एक गिटार, टाळ, आणि सांता झालेला एक बिचारा, जो कापसाच्या दाढीत रिक्षातून घामाघूम होत हिंडतो. मूळचा संत निकोलस हा चौथ्या शतकातला मायराचा बिशप. मायरा म्हणजे आजच्या तुर्कस्तानात. त्याचा सण ६ डिसेंबरला. आमच्या सांताला यातलं काही ठाऊक नसतं. त्याचं लक्ष खिशातली चॉकलेटं शेवटच्या घरापर्यंत कशी पुरतील याकडे असतं.

फेरीची खरी कसोटी सोसायटीच्या गेटवर लागते. रखवालदार वही पुढे करतो. नाव, फ्लॅट नंबर, येण्याचं कारण. कारणाच्या रकान्यात आमच्यातल्या एकाने ‘गाणे’ असं लिहिलं. रखवालदाराने ते वाचलं, वर पाहिलं, आणि विचारलं, “सगळे?” सगळे. मग लिफ्टच्या तीन खेपा, दाराबाहेर चपलांचा डोंगर, आणि एवढ्याशा हॉलमध्ये वीस-बावीस जण खांद्याला खांदा लावून उभे. पाळकसाहेब लूकमधल्या चार ओळी वाचतात. दोन गाणी होतात. घरातल्या माणसांची फर्माईश असते. आजींना टिळकांचं भजन हवं असतं, सगळी कडवी, नातवाला हिंदीतलं टाळ्यांचं. मग प्रार्थना. पाळकसाहेब एकेकाचं नाव घेऊन मागतात: हिची दहावी, ह्यांचा गुडघा, धाकट्याची नोकरी. कुणाच्या घरात काय चाललंय हे मंडळीला अशा वेळी कळतं. एरवी रविवारी चर्चच्या दारात “कसे आहात?” “छान” यापलीकडे आपण जातो कुठे? पाकीट दानपेटीत पडतं, ते पैसे नंतर गरजूंच्या औषधपाण्याला आणि मुलांच्या फीला जातात. आणि चहा. पाचव्या घरी चहा घशाखाली उतरत नाही. ‘फक्त पाणी द्यावे’ अशी सूचना तक्त्याखाली दरवर्षी असते. ती कुठलीही गृहिणी मानत नाही.

रात्री दहानंतर ढोलकी बंद. ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम ध्वनिक्षेपकाला आणि वाद्यांना रात्री दहा ते सकाळी सहा मनाई करतात, आणि आमचे पाळकसाहेब त्या बाबतीत पोलिसांपेक्षा कडक. त्यामुळे शेवटची दोन-तीन घरं नुसत्या आवाजावर होतात. मला विचाराल तर तीच खरी फेरी. रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका एकटे राहतात. सातपासून दार उघडं ठेवून, शेजाऱ्यांच्या खुर्च्या मागून आणून, मांडून बसतात. आम्ही पोचतो साडेदहाला. उशीर झाला म्हणून चकार शब्द नाही. आम्ही दबक्या आवाजात गाऊ लागलो की ते डोळे मिटून बास धरतात, आणि दुसऱ्या कडव्यानंतर हात वर करून थांबवतात: “तुमचा बास घसरतोय. पुन्हा.” पुन्हा. पोरं दमलेली, भुकेलेली असतात, पण काकांच्या घरी कुणी कुरकुरत नाही. त्या रात्रीचं जेवण ज्या घरी ठरलेलं असतं तिथे आम्ही बाराला पोचतो आणि तिथली मंडळी मात्र यथेच्छ बोलतात.

वसईची तऱ्हा वेगळी. माझ्या जाऊबाईंचं माहेर तिथलं, कॅथलिक. डिसेंबरात एकदा तिकडे चक्कर होतेच. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत १९९८ साली झाला, पण तिथला ख्रिस्ती समाज पोर्तुगीज काळापासूनचा. घरात सामवेदी, वाडवळी नाहीतर आणखी कुठली बोली, चर्चमध्ये मराठी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेआधी, म्हणजे १९६०च्या दशकाआधी, मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. जाऊबाईंच्या आजीला ते लॅटिन अर्थ न समजता पाठ होतं. वसईकरांचा जीव ख्रिस्तजन्माच्या गोठ्यात. आळीआळीतली पोरं आधीपासून बांबू, पेंढा, माती जमवतात. टोपलीत नाचणी पेरून ठेवतात, म्हणजे नाताळापर्यंत हिरवळ हातभर येते आणि तीच बेथलेहेमचं कुरण होते. विहीर, मोट, केळीची बाग, कोळ्यांची होडी, सगळं त्या गोठ्यात. ही चाल असिसीच्या संत फ्रान्सिसची. १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावी त्याने खरा बैल, खरं गाढव आणि गव्हाणी मांडून नाताळची मिस्सा करवली. वसईच्या गोठ्यातली गव्हाणी मात्र २४च्या मध्यरात्रीपर्यंत रिकामी. बाळ त्याआधी ठेवायचं नाही. गेल्या खेपेला एका आळीत बाळाची मूर्ती आधीच ठेवलेली दिसली, तर जाऊबाईंनी पोरांना तिथल्या तिथे फैलावर घेतलं. पोरं म्हणाली, फोटो काढायला लोक आत्ता येतायत ना, मावशी!

पोरांचं अगदीच चूक म्हणवत नाही. मॉलमध्ये नोव्हेंबरातच झाड उभं राहतं आणि सव्वीस तारखेला उचललं जातं. आमच्या हिशेबाने तर नाताळचे दिवस पंचवीसला सुरू होतात आणि ६ जानेवारीपर्यंत चालतात. बाजाराने वाट पाहण्याचे दिवस खाल्ले आणि सणाचे दिवस कापले. त्यात काही मंडळ्यांना आता डीजे हवा असतो. मी याच्या विरोधात आहे, आणि मीटिंगमध्ये तसं बोलते. ज्या चार आठवड्यांत म्हातारं माणूस बास शिकवतं आणि पोरगं टाळ धरायला शिकतं, ते चार आठवडे एका रात्रीच्या डीजेला विकायचे नसतात.

पुण्यातल्या लोकांनी चर्चच्या चहाला घाबरण्याचे दिवस आता गेले आहेत, ही एक समाधानाची गोष्ट. १८९० साली इथल्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं पुढे आली. लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासह पुण्यातली बरीच बडी मंडळी तिथे होती. गोपाळराव जोशी नावाच्या गृहस्थांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि प्रायश्चित्तावरून शहर कितीतरी दिवस तापलं. एका कपाने एवढं वादळ! आज त्याच पुण्यात आमच्या कॅरल सर्व्हिसनंतर मंडपात चहा असतो आणि रांगेत निम्मे चेहरे आमच्या मंडळीबाहेरचे असतात. शेजारच्या वहिनी तर सोऱ्याच्या हक्काने पहिल्या असतात.

तर तुम्हीही या. नऊ पाठ आणि गीतांची उपासना बऱ्याच चर्चेसमध्ये नाताळच्या आधीच्या आठवड्यात संध्याकाळी असते. १८८० साली इंग्लंडात ट्रुरो इथे ती सुरू झाली. तिथलं नवं कॅथीड्रल तेव्हा बांधून व्हायचं होतं, म्हणून एका लाकडी शेडमध्ये. उत्पत्तीच्या पुस्तकापासून बेथलेहेमपर्यंतची गोष्ट नऊ वाचनांत, मधे मधे गाणी, सव्वा तासात सगळं आटोपतं. तिकीट नसतं, कुणी धर्म विचारत नाही, गाणी कागदावर छापलेली मिळतात. वेळ चर्चच्या फळ्यावर पाहून घ्या आणि दहा मिनिटं आधी या. आणि एक विनंती: मागे दाराशी उभे राहू नका. पुढचे बाक दरवर्षी रिकामे राहतात.